आलेखाखालची पट्टी

डॉक्टरबाई म्हणाल्या, "फायलींचा हा गठ्ठा नको, सगळं एका पानावर आणा. मग ठरवू, औषध चालू ठेवायचं की थांबवायचं." थांबवायचं म्हणजे काय, हे बाबांनी विचारलं नाही आणि मीही सांगायला गेले नाही.

ऑफिसात मी दिवसभर आलेखच काढते. पण या वेळी आईचे काढायला बसले होते. वजन, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, प्रथिनं; एका पानावर चार आलेख. प्रत्येकात दोन रेघा, निळी आईची आणि नारिंगी निरोगी माणसाची. कुठला रंग कोणाचा हे सांगणारी चौकट, म्हणजे लेजंड, तेवढी टाकायची राहिली होती.

नेमके तेव्हाच बाबा मागे येऊन उभे राहिले. आयुष्यभर शिलाई मशीनवर वाकलेला माणूस, सरळ रेघेवर त्यांचा भारी जीव. नारिंगीवर बोट ठेवून म्हणाले, "अगं, बघ की! चारही ठिकाणी हिची कशी सरळ चाललीय. लेकाचे उगाच घाबरवतात. आणि ही घसरलेली कोणाची?"

उत्तर टाळून मी लेजंड टाकायला घेतलं. प्रत्येक आलेखात टाकलं तर चौकट नेमकी रेघेवर जाऊन बसायची. सगळ्यांचं मिळून तळाशी घेतलं, तर आलेख काढणाऱ्या त्या प्रोग्रॅमनं चार वेळा 'आई' आणि चार वेळा 'निरोगी' लिहून ठेवलं. कर्म माझं! शेवटी फक्त पहिल्या आलेखातली नावं उचलली, तेव्हा कुठे खाली एकच पट्टी आली. निळी: आई. नारिंगी: निरोगी.

बाबांनी चष्मा लावला. पट्टी वाचली. मग त्यांचं बोट निळ्या रेघेवर गेलं आणि तिच्याबरोबर खाली खाली आलं, चारही आलेखांत.

"मग ही सरळ कोणाची?"

"कोणाचीच नाही, बाबा. तशी असायला हवी होती, एवढंच."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "तुझी आई मघापासून विचारतेय, काय आलंय म्हणून. तिच्यासाठी एक प्रिंट काढ."

काढली. त्यांनी आपली जुनी कात्री आणली आणि एका सरळ कापात खालची पट्टी उडवली. मला त्यांचा असा राग आला! डॉक्टरबाईंसाठी मी मुकाट्यानं दुसरी प्रत काढली.

आतल्या खोलीत आई उशीला टेकून बसली होती.

"हे बघ," बाबा म्हणाले, "ही सरळ चाललीय ना, ती तुझी."

आईनं कागद डोळ्यांजवळ नेला. मग माझ्याकडे पाहिलं. मी उगाचच खिडकी लावायला गेले.

"आणि ही घसरगुंडी? तुमची वाटतं?" ती हसून म्हणाली.

"हो," बाबा म्हणाले. "माझीच."

आईनं त्यांची आवळलेली मूठ सोडवली. आत ती पट्टी होती, चुरगळलेली. तिनं ती वाचली, परत त्यांच्या हातात ठेवली आणि मूठ मिटून दिली.

"मग जपा हो स्वतःला," ती म्हणाली.