मटार खाणारे मासे

या, बसा, जरा पुढे सरका. भिंतीला टेकून बसणारे आधी डुलतात, मग घोरतात, आणि प्रसाद वाटायला लागला की पहिले उभे राहतात. टाळ खाली ठेवा, पाण्याचा तांब्या जवळ घ्या. आज देवादिकांची कथा नाही, लालबागमधल्या एका महाभक्ताची आहे. भक्ताने काय करावं हे कुठल्याही आख्यानात कळतं. काय करू नये हे कळायला मात्र सीताराम परबांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतच जावं लागतं.

सीतारामभाऊंचं अर्धं आयुष्य गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर गेलं, आणि गिरणी गेल्यावर उरलेलं एका पतपेढीच्या दारात उभं राहून. निवृत्त झाल्यावर त्यांना वैराग्य आलं. वैराग्य बहुतेकांना निवृत्तीनंतरच येतं, त्याआधी त्याला रजा मिळत नाही. चाळीच्या नामसप्ताहात बुवांच्या हातून त्यांनी तुळशीची माळ घातली. माळ घालणाऱ्याने मांसमच्छी सोडायची हा नियमच आहे, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण समोर माणसं बसलेली, हातात माइक आलेला, आणि माइक हातात आल्यावर कुणी थोडक्यात आटपल्याचं लालबागमध्ये ऐकिवात नाही. भाऊ म्हणाले, "आजपासून आमच्या घरात मासळी शिजणार नाही."

टाळ्या झाल्या. 'आमच्या' या एका शब्दात आपण बायकोलाही ओढून नेलं, हे भाऊंच्या लक्षात आलं नाही. बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसलेल्या मीराबाईंच्या मात्र चांगलं लक्षात आलं. मीराबाई मालवणच्या किनाऱ्यावरच्या. दात यायच्या आधी त्यांना बांगड्याचा काटा काढता येत होता, असं माहेरी अजून सांगतात. माळ एकाच्या गळ्यात पडली आणि गळा दोघांचा आवळला.

मीराबाई भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त नवऱ्याशी बोलणं बंद केलं. म्हणजे घरात बोलणं चालूच होतं, पण ते सगळं विठ्ठलाच्या तसबिरीमार्फत चालायचं. "विठ्ठला, ह्यांका सांग, च्या निवता." "विठ्ठला, टॉवेल खय टाकल्यानी, विचार ह्यांका." कमरेवर हात ठेवून उभं राहायची सवय असलेल्या विठ्ठलाला हे नवं काम जड गेलं नाही. जड गेलं भाऊंना. लग्न झाल्यापासून दिवसभर कानावर पडणारं 'अहो' एकाएकी थांबलं. पहिले काही दिवस त्यांना घर शांत वाटलं. मग शांततेचा कंटाळा आला. मग ते 'अहो' ऐकायला मिळावं म्हणून आमटीत मीठ कमी आहे अशी खोटी तक्रार करून पाहू लागले.

"विठ्ठला," आतून उत्तर यायचं, "मीठ तुझ्याच खालच्या फळीवर असा."

बुधवार, शुक्रवार आणि रविवार मीराबाई शेजारच्या कमलाबाईंकडे विरजण मागायला जात. चमचाभर विरजणाला तास लागायचा, आणि परत येताना हाताला माशाच्या कालवणातल्या तिरफळाचा वास असायचा. भाऊ नाक दाबून नाम घ्यायचे. अशाने नाम नाकात येतं, पण त्याला इलाज नव्हता.

अशातच परळला एका कीर्तनात बुवा सांगून गेले, "देवाला आपल्या आवडीचं देऊ नका, देवाच्या आवडीचं द्या." कीर्तनातलं वाक्य घरी न्यावं, मुरू द्यावं, मग वाढावं. भाऊ ते कच्चंच घेऊन निघाले. मीराला आवडतं काय? मासे. मग मीराला द्यायचं काय? मासे. फक्त काचेच्या पेटीत, जिवंत, लांबून बघायला. उपाशी माणसाला जिलबीचा फोटो भेट द्यावा, तितकी ही कल्पना थोर होती.

भोईवाड्याच्या वळणावर अजित नावाच्या तरुणाचं माशांचं दुकान होतं. खायच्या नव्हे, बघायच्या माशांचं. भाऊंनी आत शिरताच सांगून टाकलं, "शाकाहारी मासा पाहिजे."

अजित हसला नाही. दुकानदाराला हसू गिळायची सवय असते. "गोल्डफिश न्या ना काका."

"त्या कोपऱ्यातला हिरवट बारका कुठला?"

"तो पफर. गोड्या पाण्यातला, केरळकडचा. राग आला की फुगतो."

भाऊंना घरची आठवण झाली. "हा चालेल. काय नाव म्हणालास?"

"पी पफर."

"काय पी?"

"पी म्हणजे मटार हो काका. मटार पफर. आणि ह्याला नुसती पेटी नाही चालत. झाडं पाहिजेत आत, एकदम जंगल. झाडांशिवाय हा राहत नाही."

"मटार आणि झाडपाला," भाऊ समाधानाने म्हणाले. "सात्त्विक आहे म्हणजे."

"नाय म्हणजे, खायला त्याला काय लागतं, माहितीये ना? त्याला—"

"कळलं, कळलं."

'कळलं, कळलं' हे भाऊंचं पालुपद. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, काही सांगायला आला की भाऊ हेच म्हणायचे, आणि मग धागा तुटायचा.

"पण मासे आज नाय देणार," अजित म्हणाला. "टँक आधी सायकल करायला लागते."

"माझी सायकल गिरणीच्या संपातच विकली."

"ती नाय हो. पाणी मुरवायला लागतं. झाडं लावा, फिल्टर चालू करा, महिनाभर टाकी तशीच ठेवा. माशांची घाण पचवणारे जंतू आधी पाण्यात तयार झाले पाहिजेत. घाई केली तर मासा मेलाच समजा."

टाकी आली आणि मीराबाईंच्या शिलाई मशीनच्या जागी बसली. मशीन कॉटखाली गेलं. कुणाला विचारायचं वगैरे राहून गेलं, पण तीही या घराची आता रीतच झाली होती. मग भाऊ कामाला लागले. तळाला काळी माती, वर धुतलेल्या वाळूचा थर. पाणी ओतताना माती उठू नये म्हणून मध्ये बशी ठेवून तिच्यावर बारीक धार धरली. ही बशी नैवेद्याची होती. मागच्या काचेला लांब पातींचं गवत, पुढे शेवाळाची गादी, मध्ये लाकडाचा ओंडका. जावा फर्न या पाणवनस्पतीची मुळं मातीत पुरली तर ती कुजते, म्हणून ती ओंडक्याला दोऱ्याने बांधायची. ती गाठ मारताना मात्र गिरणीतली बोटं जागी झाली, आणि भाऊंच्या हातून इतकी सुरेख गाठ पडली की मीराबाई पोळी लाटता लाटता क्षणभर थांबल्या. तेवढ्यावर थांबतील तर ते भाऊ कसले? त्यांनी भक्तिभावाने मंजिरीसकट तुळशीची काडी आणून वाळूत खोचली. आठवडा पुरा व्हायच्या आत तुळस कुजून तळाला बसली.

"विठ्ठला," मीराबाई म्हणाल्या, "तुझी तुळस बुडवून मारल्यानी."

झाडांना चिकटून न बोलावलेले पाहुणेही आले होते, मोहरीएवढ्या गोगलगायी. अजित म्हणाला होता की असल्या दिसल्या तर काढून टाका, नाहीतर टाकीभर होतात. भाऊंनी एकेक चिमटीत धरून लोणच्याच्या जुन्या बरणीत सोडली, बरणी खिडकीत ठेवली, रोज पालकाचं पान घालू लागले. भूतदया म्हणतात ती हीच. गोगलगायींनीही भूतदयेचा अव्हेर केला नाही. बघता बघता बरणीत त्यांचं गोकुळ झालं.

पाणी मुरल्यावर तीन पफर घरी आले. खरोखर वाटाण्याएवढे, पाठीवर काळे ठिपके, आणि डोळे असे की एक इकडे बघतोय तर दुसरा तिकडे, पंगतीत बसून वाढप्यावर आणि आहेरावर एकदम नजर ठेवणाऱ्या पाहुण्यासारखे. चाळ दर्शनाला लोटली. लालबागमध्ये रांग लावायला कारण लागत नाही. सगळ्यांच्या देखत भाऊंनी उकडलेल्या मटाराची सालं काढली आणि चिमूटभर लगदा पाण्यात सोडला. तिघे आले. त्यांनी मटाराकडे पाहिलं, मग भाऊंकडे पाहिलं, आणि पाठ फिरवून झाडीत गेले.

"नवीन घर आहे, लाजतात," भाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "एकादशी पाळत असतील."

त्यानंतर त्यांनी गोड मटार आणून पाहिले, बारीक वाटून पाहिले, टाकीपुढे बसून हरिपाठ म्हणून पाहिला. मासे काही बधले नाहीत. त्यांची पोटं आत गेली, पाठीचा रंग उडाला, आणि सगळ्यात बारका होता तो ओंडक्याच्या बुडाशी जाऊन पडून राहू लागला.

"विठ्ठला," मीराबाई टाकीपाशी वाकून म्हणाल्या, "पोटां खपाटीक गेली बिचाऱ्यांची. उपाशी मरतले."

ज्या भेटीने बायको बोलती व्हायची, ती भेटच डोळ्यांदेखत मरत होती. मग ते 'अहो' कसलं यायचं? उलट तीन जीव मारल्याचा ठपका, तोही विठ्ठलामार्फत. भाऊ चप्पल घालून तडक भोईवाड्याला गेले.

"मटार खात नाहीत रे."

अजितच्या हातातली जाळी तशीच राहिली. "मटार कोण देतंय त्यांना?"

"तूच म्हणालास, मटार पफर."

"काका, तो मटाराएवढा असतो म्हणून मटार पफर. लिंबूटिंबू पोरगं काय लिंबू खातं?"

"मग हा खातो काय?"

"गोगलगाय. जिवंत. कवच फोडून खातो. मी सांगत होतो, तुम्ही म्हणालात कळलं, कळलं."

भाऊ स्टुलावर बसले. तिथूनच म्हणाले, "परत घे तिन्ही."

"घेतो ना. पण उपाशीपोटी पिशवीत घालून आणलेत तर रस्त्यातच जातील. आधी पोटभर घाला, मग आणा."

घरी येऊन भाऊ बरणी हातात घेऊन टाकीसमोर उभे राहिले. आत पालकावर पोसलेला गोतावळा सुखाने चरत होता. शास्त्रात पळवाट शोधणं हा भक्तिमार्गाचा जुना आडरस्ता आहे, भाऊ त्यावर पार टोकापर्यंत जाऊन आले. बरणी नुसती तिरपी धरली आणि एखादी आपणहून पडली, तर ती देवाची इच्छा होईल का? त्यांनी बरणी तिरपी धरली. गोगलगायी काचेला घट्ट चिकटून बसल्या. देवाची इच्छा दिसेना. तेव्हा त्यांना दुसरी युक्ती सुचली.

"मीरा," ते हळूच म्हणाले, "दोन-चार टाक ग आत. तुझ्या गळ्यात काय माळ नाही."

मीराबाईंनी तसबिरीकडे वळूनही पाहिलं नाही.

"अहो," त्या म्हणाल्या.

इतक्या महिन्यांनी आलेलं ते 'अहो' कानात साठवून घ्यायला भाऊंना सवड मिळाली नाही.

"म्हणजे पाप माझ्या हातान आणि पुण्य तुमच्या गळ्यात? माळ घातलात तेवा माका विचारलात नाय. मासळी बंद केलात तेवा विचारलात नाय. माझी मशीन खाटीखाली ढकललात, तेवा पण नाय. आता जीव मारूचा इला, तर मीरा?"

भाऊंनी टाकीकडे पाहिलं. व्रत त्यांचं आणि उपास माशांना, असा तो प्रकार होता. तो बारका ओंडक्यापाशी कल्ले हलवत पडला होता, आणि त्याने कुठल्याही सप्ताहात, कुठल्याही माइकवर काही कबूल केलेलं नव्हतं.

भाऊंनी बाही वर सारली, बरणीत हात घातला, एक गोगलगाय चिमटीत धरली आणि स्वतःच्या हाताने पाण्यात सोडली. ती वाळूवर टेकते न टेकते तोच बारका हलला. तिरका होऊन त्याने आधी एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्या. आणि टक्. मग आणखी एक सोडली, मग बाकीच्या दोघांसाठी. तिघांची पोटं लाडवासारखी गोल झाली. भाऊंनी हात जोडले. गोगलगायींना जोडले की माशांना, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बुवांना जे तासभर बोलून सांगता आलं नव्हतं, ते या वाटाण्याएवढ्या बुवाने तोंड एकदाच उघडून सांगितलं होतं.

मीराबाई पाटावर बसून तांदूळ निवडू लागल्या. भाऊ उभेच होते.

"मीरा, तुला काय आवडतं?"

"आता विचारतात," त्या तांदळाकडे बघत म्हणाल्या.

"आता तरी विचारतोय."

"बांगडो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सीताराम परब सदऱ्याचं वरचं बटण लावून, माळ आत दडवून बाजारात उभे होते. जन्मात त्यांनी मासळी विकत घेतली नव्हती, नुसती खाल्ली होती.

"काय देऊ दादा?" मासेवालीने विचारलं.

"बांगडे. माझ्यासाठी नाहीत."

"मी इचारलं?"

त्यांनी भाव केला नाही, निवडून घेतले नाहीत, तिने दिले ते पिशवीत घेतले आणि पिशवी अंगापासून हातभर लांब धरून जिना चढले. मीराबाईंनी पिशवी परातीत उलटी केली, एक बांगडा उचलला, कल्ला उघडला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, ह्यो मासो हा? कल्ले बघा, काळे पडलेत. डोळे आत गेलेत. बोट लावलात तर रुतता. कोणी दिल्यान तुमका? आणि तुम्ही घेतलात? तोंड बघून गिऱ्हाईक वळखतत त्या. ह्यापरास माका पाठवतात तर—"

तिथून पुढे त्या जे बोलत सुटल्या, ते कोलंबी कशी पारखायची इथपासून सासूबाईंनी लग्नात सुरमईचा तुकडा कसा लहान वाढला होता इथपर्यंत गेलं. भाऊ दाराच्या चौकटीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते. मध्येच त्यांची मान डोलायची. निम्मे बांगडे गॅलरीतल्या मांजरांनी खाल्ले, निम्मे कोकम-तिरफळाच्या जोरावर तरून गेले. जेवताना एका ताटात बांगडा होता आणि समोरच्या ताटात डाळभात, आणि डाळभातवाल्याच्या गळ्यात माळ तशीच होती. बोलणं संपलं नव्हतं. तसबिरीतल्या विठ्ठलाला मात्र त्या दिवशी पूर्ण सुट्टी होती.

आता उठायला हरकत नाही, प्रसाद येतोच आहे. जाता जाता एकच मागणं. बाजारातून जाल तेव्हा, खात असा वा नसा, एखाद्या बांगड्याचा कल्ला उघडून बघा, लालभडक असला तर घरच्या माणसासाठी घेऊन जा, आणि देवापुढे हात जोडताना आमच्या मीराबाईंची आठवण असू द्या.