कंप कोणाचा

बाबांच्या क्लॅरिनेटचा आवाज कसा होता, यावरून घरात कधी वाद झाला नव्हता. तो थरथरायचा. एक कॅसेट होती, तिच्यावर घरीच मुद्रित केलेली एकच धून होती आणि ती ऐकतच दोन्ही मुलं मोठी झाली होती. बाबा गेले तेव्हा दादा शाळेत जात होता आणि धाकटी जेमतेम बोलायला लागली होती.

धाकटी आता शाळेच्या धड्यांचं ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपनीत कामाला आहे. वाचणाऱ्याचा खोकला काढून टाकायचा, दोन धड्यांच्या मध्ये संगीताचा तुकडा बसवायचा, असं काम. बाबांच्या जुन्या बँडमधल्या मंडळींनी पुन्हा एकदा एकत्र वाजवायचं ठरवलं आणि बाबांचा भाग कॉम्प्युटरवर करून मिळेल का, असं विचारलं, तेव्हा दादाने परस्पर होकार देऊन टाकला. कॅसेट इतकी झिजली होती की तिच्याबरोबर वाजवणं कोणालाच जमलं नसतं.

धून बसवायला वेळ लागला नाही. सॉफ्टवेअरमध्ये क्लॅरिनेट तयार होतं. सूर कॅसेटवरून उतरवून घ्यायचे एवढंच. सूर बरोबर आले, त्यांची लांबी बरोबर आली आणि ऐकायला ते लिफ्टमधल्या घोषणेइतकं निर्विकार वाटलं. मग तिने व्हायब्रेटो द्यायला घेतला. व्हायब्रेटो म्हणजे सूर एका जागी न ठेवता किंचित वर-खाली हलवत ठेवणं. पडद्यावर त्यासाठी दोन बटणं होती. एक किती हलायचं ते ठरवायला, दुसरं किती वेगाने ते ठरवायला.

पहिला प्रयत्न तिने दादाला फोनवर ऐकवला. शेळी ओरडल्यासारखं वाटतंय, असं तो म्हणाला. तिने वेग कमी केला, तर बाबा झिंगून वाजवतायत असं त्याला वाटायला लागलं. मग तिने सूर आधी सरळ लागू दिला आणि हलणं थोडं उशिरा सुरू केलं. हे जवळ आलंय, पण हे बाबा नाहीत, असा निकाल त्याने दिला. काय कमी आहे, ते त्याला सांगता येईना. पुन्हा ऐकून तो म्हणाला, मघाचंच बरं होतं. मघाचं म्हणजे कितवं, तेही त्याला सांगता येईना.

शेवटी ती कॅसेट घेऊन ऑफिसमधल्या ध्वनिमुद्रकाकडे गेली. त्याला सगळे कानसेन म्हणायचे. त्याच्या तोंडावरही म्हणायचे आणि तो ओ द्यायचा. त्याने डोळे मिटून पूर्ण धून ऐकली. मग टेप थोडी मागे घेतली, जिथे खिडकीबाहेरच्या रस्त्यावर कोणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला होता.

"क्लॅरिनेट सोड. हॉर्न ऐक," तो म्हणाला.

तिने ऐकला. लहानपणापासून हा हॉर्न तिच्या कानावरून गेला होता, पण ऐकला असा कधीच नव्हता. हॉर्नही थरथरत होता. क्लॅरिनेटच्याच वेगाने.

"हॉर्नला कोण व्हायब्रेटो देतं?"

टेप ज्या मशीनवर भरली ते नीट फिरत नव्हतं, असं त्याने समजावलं. फीत एकसारखी पुढे सरकली नाही की तिच्यावरचा प्रत्येक आवाज वर-खाली होतो, मग ते वाद्य असो की गाडी. आपला कॅसेट प्लेअरच बिघडला असेल, असं तिने म्हणून पाहिलं. त्याने कपाटातून दुसरा काढून लावला. तेच. मग त्याने ते मुद्रण कॉम्प्युटरवर घेतलं आणि हॉर्न सरळ होईपर्यंत ताणत-सैलावत नेलं. हॉर्नबरोबर क्लॅरिनेटही सरळ झालं. काठीसारखं सरळ. कानसेनला ते फार आवडलं. हात स्वच्छ आहे, बरेच क्लॅरिनेटवाले व्हायब्रेटो देतच नाहीत, तुझे वडील त्यातले, असं तो कौतुकाने सांगत राहिला. ती लॅपटॉप बंद करून उठली.

तिची अडचण धुनेची नव्हती. बाबांची एकच आठवण तिच्याजवळ होती, जी तिला कोणी सांगितलेली नव्हती: ती फरशीवर बसली आहे, फरशी गार आहे, नाकासमोर तपकिरी मोजे आहेत आणि वर कुठेतरी तो थरथरणारा सूर चालू आहे. बाकी सगळं आई-दादाकडून ऐकलेलं होतं. आता थरथर जर मशीनची असेल, तर प्रत्यक्ष बाबा वाजवताना तिला ती ऐकू येणं शक्य नव्हतं. म्हणजे सूर कॅसेटचा, मोजे कुठल्यातरी फोटोतले आणि दोन्हींची मोट तिनेच कधीतरी बांधलेली. मग स्वतःचं असं तिच्याकडे काय राहिलं, हे तिला कळेना.

सरळ केलेली धून ऐकून दादाने विचारलं, हे कोण वाजवतंय. तिने हॉर्नची गोष्ट सांगितली. आपल्याला बाबांचं वाजवणं चांगलं आठवतं, असं तो ठासून म्हणाला. तुला कॅसेट आठवते, असं ती म्हणाली. चांगल्या चाललेल्या गोष्टीत काडी घालायची तुझी सवय जायची नाही, असं म्हणून त्याने फोन ठेवला. बँडमधल्या ढोलवाल्या काकांनाही तिने विचारून पाहिलं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की ते कायम बाबांच्या मागे बसायचे, स्वतःच्या ढोलापलीकडे त्यांना काही ऐकू यायचं नाही. पाठ मात्र ते कुठेही ओळखतील.

राहिली आई. ती पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. धाकटीने कुठली कोणती ते न सांगता कॅसेटवरची आणि सरळ केलेली अशा दोन्ही धुना लावल्या. पहिली छान आहे, असं आई म्हणाली. दुसरी संपल्यावर म्हणाली, हीही छान आहे. यातले बाबा कुठले, असं विचारल्यावर ती गोंधळून लेकीकडे बघायला लागली.

"दोन्ही त्यांचेच ना?"

"आई, बाबांचा सूर हलायचा का, एवढंच सांग."

आईला ते अवघड गेलं. ती स्वयंपाकघरात असायची, मध्ये दोन दारं. वाजणं थांबलं की तिचं लक्ष जायचं, कारण मग चहाची हाक यायची. चालू असताना कोण ऐकतंय. तिने उशीचा अभ्रा झटकला, उशीला चढवला आणि उशी तशीच मांडीवर ठेवून बसली.

"हलायचा कधी कधी," ती म्हणाली. "खुर्चीवर बसून वाजवायचे ना, येता-जाता दिसायचं. तू त्यांच्या पायाला मिठी मारून बसायचीस. झुलायचीस. तुझ्याबरोबर गुडघा हलायचा, गुडघ्याबरोबर ते हलायचे. पण थांबायचे नाहीत."

धाकटीने विचारलं, "नक्की मीच?"

आईचा चेहरा पडला. "की दादा होता? त्या वयात तुम्ही दोघं अगदी एका साच्यातले. दोघांतलं कोणीतरी होतं बाई."

तिने दादाला फोन लावला आणि रिंग वाजायच्या आत बंद केला. आठवत असो वा नसो, तो मीच होतो असंच म्हणाला असता.

किती वेगाने, असं तिने आईला विचारलं. पोरं झुलतात तेवढ्या, असं म्हणून आईने मांडीवरची उशी झुलवून दाखवली. उशी डुलली, थांबली, विसरल्यासारखी पडून राहिली, पुन्हा डुलली. सॉफ्टवेअरमधल्या कुठल्याच बटणावर असा वेग नव्हता. धाकटीने स्वतः बसवलेली धून उघडली, दोन्ही बटणं शून्यावर नेली आणि दोन-तीन लांब सुरांखाली माउसने हातानेच वाकडीतिकडी रेघ ओढली. वाजवून पाहिलं. कॅसेट वाटेना, बाबाही वाटेनात. वाजवणाऱ्याला कोणीतरी धक्के देतंय असं वाटत होतं.

"असं?" तिने विचारलं.

आईने मान तिरकी करून ऐकलं. "थोडं हळू. दमलेली असायचीस तोवर," ती म्हणाली आणि जरा थांबून पुढे म्हणाली, "किंवा दमलेला."

धाकटीने रेघ थोडी सैल केली आणि धून पुन्हा पहिल्यापासून लावली.