परटाची चिंधी

हे मी सांगायचं नव्हतं. कपाटात ठेवताना पहारेकरी बंकट मला म्हणाला होता, "गप पडून ऱ्हा बाई. हितलं हितंच ऱ्हाऊ दे." पण आज मी गप्प राहिले तर सिदूचे तीन दिवस कायमचे नाहीसे होतील.

मी एक काळी घोंगडी. धारूरच्या डोंगरकडेला सारजाबाईनं स्वतःच्या मेंढ्यांची लोकर कातून माझं सूत काढलं. तिच्या लेकाच्या, सिदूच्या खांद्यावर मी सात पावसाळे काढले. माणसं मला जमिनीवर अंथरतात, पण बसण्याआधी चपला काढतात.

रविवारी दिल्लीच्या एका तपास खात्याच्या लोकांनी सिदूला माळावरून जीपमध्ये घातलं. त्यानं म्हणे कुणाची तरी गाडी पाहिली होती. खात्यानं तेलगाव रस्त्याला कचेरी भाड्यानं घेतली आहे. सारजाबाई तिथं मागोमाग चालत आली. तिला आत सोडलं नाही. तिनं फाटकातूनच मला बंकटच्या हातात दिलं.

"त्याला गारठा सोसत न्हाई."

"देतो मावशी. जावा तुमी."

पकडलेल्या माणसाला एका दिवसाच्या आत न्यायाधीशापुढं उभं करावं लागतं. म्हणून कचेरीच्या साहेबांनी सिदूचं नाव वहीत लिहिलंच नाही. नुसता तयार जबाबाचा कागद सहीसाठी पुढं सरकवत राहिले.

"गाडी पायली साहेब, पर आतली मानसं न्हाई पायली," सिदू म्हणायचा. "न पायलेल्यावर सही कशी करू?"

सोमवारी निरोप आला, गुरुवारी तपासणी आहे. तपासणारे खात्याचे नव्हेत, बाहेरचे. लगेच भिंतींना चुना लागला. सगळी अंथरुणं धुवायला निघाली आणि त्या घाईत सिदूच्या अंगावरून मलाही ओढलं. परटानं नेहमीच्या शिस्तीनं माझ्या कोपऱ्याला चिंधी शिवली आणि पक्क्या शाईनं लिहिलं : सोमवार, कचेरीची घोंगडी, एक.

बुधवारी मी आकसून परत आले. त्याच दिवशी वहीत नोंद झाली : सिदू, आज आणला.

आज निवृत्त न्यायाधीश सत्यशीलाबाई तपासणीला आल्या आहेत. खोलीत कोऱ्या चादरी आहेत आणि मी कपाटात. फटीतून सगळं ऐकू येतं.

"सिदू कधी आला?"

"काल, मॅडम," साहेब म्हणाले.

बाईंनी सारजाबाईला आत बोलावलं.

"आयतवारी आणलंय त्येला. मी त्याच दिवशी घोंगडी दिलती."

"घाबरलीय ती. दिवस चुकतोय तिचा," साहेब म्हणाले.

"रोज मेंढरं मोजते मी. दिवस कावून चुकंल?"

मग बाईंनी विचारलं, "कुठंय ती घोंगडी?"

कपाट उघडलं. बंकटचा हात चिंधीवर थांबला. एक हिसका पुरला असता. त्यानं ती वाचली, दाराकडं पाहिलं, आणि माझी घडी उलटी करून चिंधी वर आणली.

"बोल आता," तो पुटपुटला.

बोलायचं तर खूप आहे. चिंधी फक्त वार सांगेल. पण त्या रविवारच्या रात्री सिदूनं मला तोंडावर ओढून जे…

"बंकट, आणा ती इकडे."