साहेब पाच मिनिटांत येतायत

मी भोंगा बोलतोय. पुढे कर्ण्यासारखं तोंड, खाली पिस्तुलासारखी मूठ आणि मुठीवर सायरनचं लाल बटण, असा हातात धरायचा भोंगा. या देशातली सरकारं मी पाडली आहेत. एखादं नाही, चांगली तीन-चार. माझी आरोळी उठली की राजधानीत मंत्र्यांच्या खुर्च्या डगमगायच्या.

आता खरं सांगतो. सरकारं पडली तेव्हा मी चौकात ओरडत होतो, एवढंच. पाडणारे लांबच्या एका हॉटेलात दार लावून बसले होते आणि तिथे भोंगा न्यायला बंदी होती. माझ्या आरोळीनं डगमगलं ते फक्त चहावाल्याचं बाकडं. त्याचाही एक पाय आधीपासून तुटका होता.

माझं शिक्षण ऐकीव. समोरचा बोलेल ते मोठ्यानं बोलायचं, अर्थ विचारायचा नाही, एवढं शिकून मी कारखान्यातून बाहेर पडलो. राजकारणाला तेवढं पुरतं. माझा एक भाऊ शाळेत कवायत घेतो, दुसरा पोहण्याच्या तलावावर लोकांना पाण्याबाहेर हाकलतो. इज्जतीच्या नोकऱ्या. मला मात्र पक्षानं उचललं, पोटावर किटलीचं चिन्ह चिकटवलं आणि पंक्चरच्या हातात दिलं.

पंक्चर म्हणजे माझा धनी. नाक्यावर त्याचं सायकली आणि स्कुटरचं पंक्चर काढायचं दुकान. पक्षात त्याला खऱ्या नावानं कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. तो किटली पक्षाचा कार्यकर्ता, आणि त्याचं काम एकच: साहेब येईपर्यंत गर्दी धरून ठेवायची.

हे काम तुम्हाला सोपं वाटेल. करून बघा. आमचे साहेब कधीच वेळेवर येत नसत. वेळेवर आलं की माणूस लहान दिसतो, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मग पंक्चर मला तोंडाशी धरायचा आणि म्हणायचा, "मंडळी, साहेब पाच मिनिटांत येतायत!" आणि त्या पाच मिनिटांत तो देशाचा कारभार आटोपून टाकायचा.

"सरकार म्हणतं, देश पुढे चाललाय. जाणारच की! उतार लागलाय. ब्रेक कुणाकडे आहेत ते सांगा आधी!"

"म्हणे महागाई वाढायचा वेग कमी झालाय. म्हणजे कानफटात बसतेच आहे, पण दोन थपडांच्या मध्ये आता दम घ्यायला वेळ देतात. आभार माना रे त्यांचे!"

"घोटाळ्याची चौकशी करायला समिती नेमलीय. समितीला मिळणार मुदतवाढ आणि घोटाळेवाल्याला मिळणार बढती. कोणीच उपाशी राहणार नाही!"

लोक पोट धरून हसायचे. भाजीची पिशवी घेऊन निघालेल्या बायका पिशवी खाली ठेवायच्या. सर्वांत जास्त हशा पिकायचा तो समोरच्या शिडी पक्षाच्या मोठ्या पुढाऱ्यावर. हा पुढारी कारखाना बंद पडला तरी हसायचा, पूल पडला तरी हसायचा. पंक्चरनं त्याचं नाव 'हसऱ्या' ठेवलं होतं. "हसऱ्याला फोटोत बघून ओळखू नका," तो सांगायचा, "खिशात हात घालून ओळखा. आपल्या खिशात!"

सगळ्या देशाची टर उडवणारा हा माणूस आपल्या साहेबांचं नाव निघालं की मात्र देवळात शिरल्यासारखा आवाज खाली आणायचा. मी आत कितीदा खरखरलो. त्याला वाटायचं, सेल उतरलेत.

कारण असं की साहेबांनी त्याला शब्द दिला होता. "पंक्चर, पुढच्या नगरपालिकेला आपल्या वॉर्डाचं तिकीट तुझं." पक्षातर्फे निवडणूक लढवायची, आणि तीही पंक्चरनं! हा शब्द साहेबांनी मागच्या निवडणुकीतही दिला होता, पण तेव्हा 'परिस्थिती वेगळी' होती. यावेळी पंक्चरनं एक पांढरा शर्ट शिवून घेतला आणि घडी करून ट्रंकेत ठेवला. निवडून आल्यावर सर्वांत आधी दुकानासमोरच्या खड्ड्याचं काय करायचं, हेही त्यानं ठरवलं होतं. तो खड्डा बुजवायचा. वहिनी म्हणायच्या, "बुजवा की, अवश्य बुजवा. आणि मग गिऱ्हाईक काय माझ्या माहेराहून आणायचं?"

वहिनी म्हणजे पंक्चरची बायको. साऱ्या पक्षाच्या त्या वहिनी, म्हणून माझ्याही. सभेला निघताना पंक्चर त्यांनाही सांगायचा, "जेवायला वाढून ठेव, पाच मिनिटांत आलो." परत यायचा तेव्हा ताटावरचं झाकणसुद्धा गार झालेलं असायचं. एकदा त्या म्हणाल्या, "तुमची पाच मिनिटं आणि तुमच्या साहेबांची पाच मिनिटं एकाच कारखान्यात बनतात काय हो?"

मग ती सभा आली. साहेब म्हणाले होते, "आज उमेदवारांची नावं जाहीर करणार." पंक्चरनं ट्रंकेतला शर्ट काढला. नखातलं काळं जाईना, म्हणून मूठ मिटूनच तो व्यासपीठावर चढला.

व्यासपीठाच्या मागच्या फलकावर त्या दिवशी चादर टाकलेली होती. साहेब आल्यावर उघडायची, असं ठरलं होतं. पक्षाच्या समितीतले लोक आमच्याकडे बघत नव्हते. एकानं तर मला उगाचच पुसून दिलं. मी भोंगा आहे, मला तेव्हाच कळायला हवं होतं. राजकारणात कोणी आपल्याला उगाच पुसत नाही.

"साहेबांना उशीर होतोय," समितीवाला म्हणाला. "खेच जरा."

पंक्चरनं खेचलं. तसा तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. हसऱ्याची चाल करून दाखवली, हसऱ्याचं हसू करून दाखवलं. चौक नुसता लोळत होता. मग अचानक हशा थांबला. पंक्चरला वाटलं, आपलं बोलणं लोकांच्या काळजाला भिडलं. त्यानं मला उंच धरलं आणि घसा फोडून ओरडला, "अशा माणसाच्या शेजारी आमचे साहेब मेले तरी बसणार नाहीत!"

कोणी टाळी वाजवली नाही. सगळे त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. तो वळला.

चादर खाली आली होती. फलकावर किटली नव्हती, शिडी होती. शिडीखाली साहेब आणि हसऱ्या हातात हात घालून उभे होते, फलकावरही आणि फलकासमोरही. हसऱ्या हसत होता.

पंक्चरची बोटं माझ्या मुठीवर आवळली आणि लाल बटण दाबलं गेलं. मी जो केकाटलो तो थांबेचना. लोकांना वाटलं, आग लागली. त्या दिवशी व्यासपीठावर जे काही बोललं गेलं त्यात माझा सायरन तेवढा खरा होता. (ही बढाई नाही. तिथे स्पर्धाच नव्हती.)

"आमच्या या कार्यकर्त्याला थट्टेची सवय आहे," साहेबांनी माईकवरून सांगितलं आणि उमेदवार जाहीर केला. वॉर्डाचं तिकीट सिमेंटच्या दुकानदाराला. दर निवडणुकीत आम्ही ज्याच्या नावानं गल्लीबोळांतून शिमगा केला तो शिडीवाला सिमेंटवाला. आता तो आपला.

व्यासपीठाच्या मागे पंक्चरनं साहेबांना गाठलं. "साहेब, मला सांगायचं तरी."

"अरे वेड्या, तुला सांगितलं असतं तर तू असा मनापासून बोलला असतास का?" साहेबांनी त्याच्या नव्या शर्टावर थोपटलं. "गर्दी उठून गेली असती. छान धरलीस हं!"

समितीला ठाऊक होतं. चहावाल्याला ठाऊक होतं, त्यानं तर ज्यादा कप मागवले होते. ठाऊक नव्हतं ते दोघांनाच, एक पंक्चर आणि एक मी.

त्यानंतर माझे सेल निघाले ते निघालेच. मी आता वहिनींच्या घरामागच्या ओट्यावर खिळ्याला लटकतो. माझ्या तोंडात त्या कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवतात. देशाचा आवाज म्हणवणाऱ्याच्या तोंडाला चिमटे! दुकानात ट्यूब पुसायला एक पांढरं फडकं आलंय, त्याला कॉलर आहे. गिऱ्हाईक विचारतात, "काय मग, देशाचं काय म्हणणं?" पंक्चर ट्यूब पाण्यात बुडवतो, बुडबुडे बघतो आणि सांगतो, "हवा कमी आहे."

तर मंडळी, माझी एवढीच विनंती आहे. जुना भोंगा भंगारात घालू नका. आणि कोणी तुम्हाला अगदी मनापासून हसवत असेल तर एकदा त्याच्या मागच्या चादरीकडे बघून घ्या. एवढं बोलून मी तुमचा निरोप घेणार होतो.

पण आज संध्याकाळी दारात गाडी थांबली. साहेब स्वतः आले.

"पंक्चर कुठंय? अरे, चल लवकर. चौकात माणसं जमलीत, पण थांबत नाहीत. तो नवीन वक्ता मोबाईलमध्ये बघून वाचतो, लोक उठून चाललेत. हसरे साहेब यायला वेळ आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "झालं गेलं सोड. पुढच्या खेपेला तिकीट तुझं, शब्द देतो."

पंक्चर लगबगीनं उठला. मागे ओट्यावर आला. त्यानं मला खिळ्यावरून काढलं, एकेक चिमटा बाहेर काढून ठेवला. मग माझं तोंड शर्टाच्या बाहीनं पुसलं. खोटं कशाला बोलू? मीही हरखलो. कोणासाठी ओरडायचं हे मी कधी विचारलंय? पंक्चरनं एक चप्पल पायात घातली. दुसरी सापडेना.

सापडणार कशी? ती वहिनींच्या हातात होती.

त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या, साहेबांना बाहेर ठेवून आणि आम्हाला आत ठेवून. एवढ्या नम्रपणे त्या कधी बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"तुम्ही व्हा पुढे, साहेब," त्या म्हणाल्या. "हे पाच मिनिटांत येतायत. तोवर तुम्हीच धरून ठेवा गर्दी."