धुण्यात सुटलेल्या गाठी

आमचे हे बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम. वीस माणसांना एका आवाजात कामाला लावतील, पण खिशात तीन गाठींचा वीतभर दोर नसेल तर घराबाहेर पाऊल टाकायचे नाहीत. दोर त्यांच्या उस्तादाने बांधून दिलेला. तो जवळ असला की म्हणे वादळ वाट वाकडी करतं. एकदा तो सापडेना म्हणून यांनी चक्क बोट सोडली आणि तीन महिने घरी बसून माझ्या स्वयंपाकात खोड्या काढल्या.

यावेळी निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांची पँट उकळत्या पाण्यात टाकली आणि खिसे तपासायला विसरले. काठीने ढवळलं तर वर काय आलं? त्या जुन्या कुजक्या दोराचा नुसता चोथा!

खरं सांगावं तर हे निघणार नाहीत, आणि कंपनीने बजावलेलं, पुन्हा चुकलात तर कायमचे घरी बसा. मग काय, कपडे वाळत घालायच्या दोरीचा तुकडा कापला, चहात बुडवला, काजळीत घोळवला, तीन गाठी मारल्या आणि इस्त्रीच्या पँटीत सरकवला. सकाळी यांनी तो काढून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, तो परत खिशात घातला आणि निघाले. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

ती सुटका दुपारपर्यंतच टिकली. पुढचे सात महिने जरा वारा सुटला की काळजात धस्स व्हायचं. नवऱ्याला चहात भिजवलेल्या दोरीच्या भरवशावर समुद्रात धाडलं, म्हणून मी स्वतःलाच शिव्या घालत खिडक्या लावायचे.

हे परत आले ते धडधाकट, वर पोट सुटलेलं. दोर टेबलावर ठेवला तशी मला राहवलं नाही. सगळं ओकून टाकलं, रडलेसुद्धा.

"अगं, तीस वर्षं दोरच बांधतोय मी," हे म्हणाले. "तू पिठाच्या पिशवीला मारतेस ती गाठ ओळखू येणार नाही मला?"

"मग गेलात कसे?"

"तुझी बोटं काळी दिसली. एवढी खटपट केलीस, आता नाही कुठे म्हणू? बोटीवर गेल्यावर म्हटलं, सोडून नीट बांधू. सुटेना! सगळ्या खलाशांनी नखं मोडून घेतली. म्हटलं, ही गाठ आम्हाला सुटत नाही, तर समुद्राला काय सुटणार?"

पुढच्या खेपेला निघताना यांनी दोर माझ्यापुढे धरला. "आणखी एक मार."

मारली. दात लावून, जीव खाऊन आवळली.