अंगणात तेरा लाल निशाणं

बेचाळीस वर्षांचा घोडा, पण जेवायला तीनदा बोलवावं लागतं. पहिल्या हाकेला ‘आलो’ म्हणतो, दुसरीला नुसता हुंकार. तिसऱ्यांदा त्याची आई बुनई स्वतः त्याच्या दारात जाऊन उभी राहते, तेव्हा हा दिवटा काय करत असतो? नखाएवढ्या चौकटीत झेंडा बसवत असतो, पडद्याला नाक लावून. बाहेर कालवांचं सूप गार होतंय, भाताचा गोळा होतोय, आणि तेग्यूसाहेब लाल रंग आणखी लाल करतायत!

ओक बुनईची हयात निशाणं शिवण्यात गेली. कोरियातल्या थोंगयंगच्या धक्क्यावर होड्यांना लागणारे मासळीचे रंगीत झेंडे तिचे, अंगात येणाऱ्या बायांची पाचरंगी निशाणं तिची, मयतापुढे चालणारं लाल कापड तिचं, आणि दरसाल आरमाराच्या उत्सवात सेनापतीच्या जहाजावर चढतं ते मोठं निशाणही तिचंच. शाळेचं तोंड तिने दोन वर्षं पाहिलं. निशाणांवरची चिनी अक्षरं तिला वाचता येत नाहीत, पण कुठल्या अक्षराच्या कुठल्या फटकाऱ्यावर कापड आधी विरतं ते ती डोळे मिटून सांगेल. दारावर पाटी आहे, ‘ओक निशाणघर’. नवरा होता तेव्हाही पाटीवर ओक होतं, म्हणजे तिचं आडनाव. नवऱ्याने एकदा त्याबद्दल तोंड उघडलं होतं. पुन्हा उघडलं नाही.

तीन वर्षांपूर्वी पिक्चरवाले आले. जुन्या समुद्रातल्या लढाईचा पिक्चर होता, तीस निशाणं हवी होती. बुनईने लेकीला हाताशी घेऊन हिवाळाभर शिवली. त्यांनी निम्मी लढाईत जाळली, निम्मी परत केली नाहीत. पिक्चर धो धो चालला. तेग्यू तेव्हा गोदीतलं काम ‘जमत नाही’ म्हणून सोडून घरी येऊन बसला होता. त्याने तो नऊ वेळा पाहिला, आणि नवव्या खेपेनंतर हे आयकॉनचं खूळ डोक्यात घेऊन आला.

“आयकॉन म्हणजे काय रे?” बुनईने विचारलं होतं.

“लहानसं चित्र, आई. इंटरनेटवर माणसं आपल्या तोंडाच्या जागी लावतात.”

“का? तोंड वाईट आहे का त्यांचं?”

“त्या पिक्चरचे चाहते आहेत ते. मी पिक्चर थांबवतो, त्यातलं निशाण कापून घेतो, सुरकुत्या काढतो, रंग उठवतो आणि सगळ्यांना वाटतो. दोनशे ऐंशी झालेत आत्तापर्यंत. चाहत्यांच्या मंडळात मला ‘निशाण-सरदार’ म्हणतात.”

“सरदार,” बुनई म्हणाली. “आणि सरदारांच्या चड्ड्या कोण धुतं ते मंडळाला माहीत आहे का?”

तरी तिने चष्मा लावला. स्वतःच्या हातचं काम पडद्यावर बघायला कुणाला नको असतं? सेनापतीचं निशाण तिने ओळखलं, डाव्या फळीचं निळं ओळखलं. मग तिने चष्मा काढला, बाहीने पुसला, पुन्हा लावला.

“ज्वाळा कुठे गेल्या?”

निशाणाच्या तीन कडांना ज्वाळांसारखी झालर असते. एका निशाणाची झालर कापून, दुमडून, टाचून व्हायला बुनईला चार दिवस लागतात. वाऱ्यात निशाण जिवंत वाटतं ते त्या झालरीमुळेच.

“चौकटीत मावत नाहीत, आई. कापाव्या लागतात.”

“मग चौकट मोठी कर.”

“चौकट सगळ्यांना सारखीच असते.”

“बरं झालं सांगितलंस. मी आपली उगाच साठ वर्षं बोटं टोचून घेतली.”

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण गेल्या हिवाळ्यापासून बुनईच्या उजव्या अंगठ्याने सुई धरायचं सोडून दिलं. उत्सव समितीच्या लोकांना ते कळायला वेळ लागला नाही. दोघं जण फळांची पेटी घेऊन आले, गुडघ्यावर बसले, तब्येतीची चौकशी केली आणि जाताना एक कागद ठेवून गेले. ‘आपल्यानंतर सेनापतीचं निशाण कोण शिवणार?’ खाली एका नावाची रिकामी जागा आणि त्याखाली सहीऐवजी बुनईचा शिक्का मारायची जागा. ज्याचं नाव लागेल त्याची दारावरची पाटी, त्याचं निशाणघर. महिनाअखेरीला कागद परत द्यायचा होता.

तेग्यूने दुसऱ्याच दिवशी रिकाम्या जागेत पेन्सिलीने आपलं नाव घातलं. पुसता येईल म्हणून पेन्सिलीने, असं म्हणाला. पण नाव असं दाबून लिहिलं होतं की मागच्या बाजूला उमटलं.

त्याची मोठी बहीण जंगिम तेव्हा तिथेच होती. सकाळभर कालवांच्या शेडमध्ये शिंपले फोडायचे आणि दुपारी आईकडे येऊन कडा दुमडायच्या, असं तिचं वीस वर्षं चाललं होतं. तिने कागद पाहिला, वाचला आणि पुन्हा सुईत दोरा ओवला. बुनईनेही तिला काही विचारलं नाही. लेक दिलेल्या घरची, पाटी मुलाकडे जायची, यात विचारायचं काय?

“तुला शिवता येतं?” बुनईने तेग्यूला विचारलं.

“शिकेन ना! आणि आता मशीनवर छापून मिळतं, आई. नमुना माझ्याकडे तयार आहे. मला निशाणांतलं जेवढं कळतं तेवढं या गावात कुणाला कळतं सांग.”

बुनईने शिक्का मारला नाही, पण कागद फाडलाही नाही. त्यालाही कारण होतं. एके दुपारी तो फोनवर कुणाशी तरी भांडत होता आणि ती मुळे चिरत होती. मंडळातल्या पोरींना निशाणासोबत नटाचं तोंड हवं होतं. तेग्यू म्हणत होता, “नटाचं तोंड हवं तर दुसरीकडे जा. लढाईत माणसं निशाण बघून पुढे जायची, गाल बघून नाही. माझ्याकडे निशाणच मिळेल.” बुनईची सुरी थांबली. गोदीत साहेबासमोर तोंड न उघडणारा हा, आणि निशाणासाठी कुणाशी तरी भांडतोय! त्या संध्याकाळी तिने माशाचा पोटाकडचा तुकडा त्याच्या ताटात टाकला आणि कपाटातून शिक्क्याची डबी काढून बैठ्या टेबलावर आणून ठेवली.

“शनिवारी तुझ्या मंडळाचे ते सोलचे पाहुणे येणार आहेत ना? ते जाऊ देत. मग मारते शिक्का,” ती म्हणाली.

जंगिमने दाताने दोरा तोडला आणि घरी गेली.

शनिवारी बुनई पहाटेच बाजारात गेली. ऑक्टोपस घेतला, मुळे घेतले, बारा माणसांना पुरेल एवढी म्हाकुळं घेतली. लोक काय म्हणतील? आपल्या दारात आलेला माणूस उपाशी जाऊन चालत नाही, मग तो तोंडाच्या जागी झेंडा लावणारा का असेना. दहाच्या सुमाराला ती गल्लीच्या तोंडाशी आली तर समोरून रडण्याचा आवाज. शेजारची सामवोल काळे कपडे घालून, हातात पांढरा रुमाल घेऊन, बुनईच्याच फाटकाला धरून गळा काढत होती.

“अगं बुनई गं! काल तर माझ्याशी कोबीवरून भांडलीस गं! न सांगता कशी गेलीस गं!”

“कुठे गेले?” बुनईने मागून विचारलं.

सामवोलने वळून पाहिलं आणि ती जी किंचाळली, ती धक्क्यावर ऐकू गेली असेल.

“तू... अगं, तुझं निशाण लागलंय अंगणात!”

“कसलं निशाण?”

“मयताचं! आणि एकटीचं नाही, डझनभर आहेत. मला वाटलं, गॅस फुटला की काय!”

बुनईने फाटक ढकललं.

अंगणात बांबूच्या काठ्या रोवून तेरा निशाणं लावली होती. लांब, अरुंद, लाल कापड. त्यावर वरून खाली पांढऱ्या, साध्या कोरियन अक्षरांत नावं. असलं कापड बुनईने आयुष्यात किती शिवलं असेल त्याला गणती नाही. प्रेताच्या पुढे चालतं ते. लाल कापडावर पांढरं नाव, म्हणजे आत पेटीत कोण आहे ते जगाला कळावं. आणि शेवटी पेटीवर पसरून माणसाबरोबर मातीत जातं. बारा नावं तिच्या ओळखीची नव्हती. मधलं सगळ्यात उंच, सगळ्यात लाल, त्यावरचं नाव तिला वाचायची गरज नव्हती. ओक बुनई.

मयतं मात्र मजेत होती. आपापल्या निशाणाखाली उभं राहून दोन बोटं वर करून फोटो काढत होती.

“आजी आल्या!” म्होरकी पोरगी टाळ्या वाजवत पुढे आली. येसोल तिचं नाव, तिच्या निशाणावर होतं तेच. “सरदारांनी केवढं सरप्राइज दिलं बघा! आमचे आयकॉनच मोठे करून दिले!”

तेग्यू छाती काढून उभा होता. “पिक्चरमध्ये कप्तानांची निशाणं लालच आहेत, आई. त्यावर पांढऱ्यात हुद्दा. मी हुद्द्याच्या जागी नावं घातली. चौकटीत नुसतं एक अक्षर मावायचं. इथे जागा होती म्हणून उभं करून अख्खं नाव घेतलं.”

चौकटीत होतं तोवर कुणाला काही दिसलं नव्हतं. नखाएवढ्या लाल तुकड्यात काय दिसणार? याने ते उभं केलं, लांब केलं, काठीला लावलं, आणि आईच्या अंगणात मसण मांडलं. हे कापड टाचता टाचता आईने याच्या तोंडात भाताचे घास घातले होते. तेव्हाही हा कापडाकडे न बघता भाताकडेच बघत असणार.

सगळ्यांत एक म्हातारे गृहस्थ होते, बे नावाचे, जहाजावर इंजिनावर नोकरी केलेले. ते फोटो काढत नव्हते. टोपी हातात घेऊन स्वतःच्या नावासमोर उभे होते.

“मागच्या वर्षी बायकोचं असंच होतं,” ते हळूच म्हणाले. “अगदी एवढंच लांब.” मग तेग्यूकडे वळले. “हे असं करायचं कुणी ठरवलं?”

पोरापोरींची बोटं खाली आली. येसोलने निशाणाकडे नीट पाहिलं, मग फाटकातल्या काळ्या कपड्यांतल्या सामवोलकडे पाहिलं, आणि दोन पावलं बाजूला सरकली. कुणीतरी “अगं आई गं” म्हणालं.

इथे तेग्यू नुसता ‘चुकलं’ म्हणाला असता तर? बुनई त्याचीच वाट बघत होती. ऑक्टोपसची पिशवी हातात तशीच होती, आत तो वळवळत होता. माणूस चुकतो. तिने स्वतः एकदा होडीवाल्याच्या झेंड्यावर पूर्व-पश्चिम उलटी केली होती आणि रात्रभर उसवत बसली होती. एक शब्द. मग तिने सगळ्यांना हसून आत नेलं असतं, जेवू घातलं असतं, आणि संध्याकाळी कदाचित शिक्काही मारला असता.

तेग्यूने आईकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

“ही आमच्या निशाणघराची जुनी पद्धत आहे,” तो म्हणाला. “आईच्या वहीतला नमुना आहे. मी फक्त छापून आणला.”

जंगिम स्वयंपाकघराच्या दारात ताटं घेऊन उभी होती, तिने ती खाली ठेवली.

बुनईकडे वही नव्हती. कधीच नव्हती. तिला चार ओळी लिहायला अर्धा दिवस लागतो.

तिने पिशवी पायरीवर ठेवली. आधी बे आजोबांच्या निशाणाकडे गेली, काठी उपटली, कापड ओढून काढलं, नाव आत जाईल असं दुमडलं आणि त्यांच्यासमोर वाकली. “साहेब, माझ्या दारात हे झालं, माफी मी मागते. तुम्ही खणखणीत आहात. आत बसा, सूप गरम आहे.” मग एकेक करून बाकीची अकरा काढली. जंगिम न सांगता दुसऱ्या टोकाने कापड धरत गेली आणि दोघींनी घड्या घातल्या. बुनईने स्वतःचं सगळ्यात शेवटी काढलं. त्याची कड बोटाने चाचपली. कड नव्हतीच. कात्रीने कापलेलं, धागे सुटत चाललेले.

“आई, नंतर बोलू,” तेग्यू पुटपुटला. “लोक आहेत.”

“नंतर कधी? माझं तर निशाण लागलंय.”

येसोलच्या तोंडून खुद्कन हसू निसटलं आणि तिने लगेच तोंडावर हात ठेवला.

बुनई आत गेली, टेबलावरून कागद आणि शिक्का घेऊन पायरीवर आली. तेग्यूचा चेहरा क्षणभर उजळला. काय आशा असते माणसाला!

“रबर,” ती म्हणाली. जंगिमने आतून आणून दिलं. बुनईने त्याचं नाव खोडलं. दाबून लिहिलेलं होतं, खोडायला वेळ लागला आणि खळगा राहिलाच. त्या खळग्यावर तिने शाईच्या पेनाने, एकेक अक्षर ओढत, जंगिमचं नाव लिहिलं. मग बुनईने शिक्का मारला, फुंकर घातली आणि सगळ्यांसमोर तेग्यूकडे वळली.

“हिची टीप मधेच वाकडी जाते, आणि हिला मी वीस वर्षं रागावते. पण वाकडी गेली की ही स्वतः उसवते, माझ्या नावावर ढकलत नाही. तू जिवंत माणसांची मयतं मांडलीस, ते मी पोटात घातलं असतं. न बघता वाढलास, तोही माझाच दोष धरला असता. पण बारा माणसांसमोर माझ्या हाताला खोटं पाडलंस. बस तू तुझ्या चौकटीत, लाल आणखी लाल कर, कुणी नको म्हणत नाही. जेवायला मात्र आता एकदाच हाक मारीन. माझ्या निशाणाला तू हात लावायचा नाहीस, तेग्यू. मी मेल्यावर माझं लाल कापडसुद्धा जंगिमच शिवेल, आणि तू ते धरून पुढे चालायचं नाहीस. मागे चालायचं, गर्दीत.”