एकच पाय आत

मी शिंप्याच्या घराचा उंबरठा बोलतोय. दगडाचा असलो तरी मलाही संताप येतो.

खाणीतून निघालो, पाथरवटाने छिन्नीने सरळ केलं आणि शिंप्याने मला दारात बसवलं. पुढे शिंपी गेला. मागे बायको आणि दोन मुलगे राहिले. धाकट्याने बापाचं शिलाई मशीन कुणाला न विचारता देऊन टाकलं, तेव्हा थोरला माझ्यावर उभा राहून कडाडला, "अल्लाची शपथ, या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही."

भांडण तुमचं, त्यात मी कशाला?

मग आई आजारी पडली. सारखं थोरल्याचंच नाव घ्यायची. थोरला आला, पण सोबत मदरशातल्या उस्तादांना घेऊन. ते धर्माचा कायदा शिकवतात. दाराबाहेरच त्याने विचारलं, "मला खुर्चीत बसवून आत नेलं तर? पाऊल जमिनीला लागणारच नाही."

उस्ताद म्हणाले, "शब्दाचा सरळ अर्थ म्हणजे हकीकत. आधी तोच धरायचा. पण लोकांची बोलायची रीत दुसरीकडे बोट दाखवत असेल, तर लाक्षणिक अर्थ धरायचा, तो मजाज. पाऊल ठेवणार नाही म्हणजे आत जाणार नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. खुर्चीतून गेलास तरी शपथ मोडलीच."

"आणि बाहेर बसून नुसता पाय आत टाकला तर?"

"मग नाही मोडली. पण अरे, मोड की. शपथेपेक्षा चांगलं काही समोर आलं तर ते करावं, आणि गरिबांना जेवू घालून प्रायश्चित्त घ्यावं."

थोरल्याने सोयीचं तेवढंच ऐकलं. पायरीवर बसला आणि एक पाय माझ्यावरून आत सोडला. खाटेवरून आईला तेवढाच पाय दिसत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शब्दांचा कीस काढायला अक्कल आहे, आणि आईकडे जायला नाही?

"आलास का रे?" आईने विचारलं.

"आलोय," भिंतीआडून आवाज आला.

"मग मलाच बाहेर न्या. मी कुठे शपथ घेतलीय?"

धाकट्याने आणि उस्तादांनी तिला खुर्चीत बसवून बाहेर आणलं. तापलेल्या हाताने तिने थोरल्याचं तोंड चाचपलं. थोड्या वेळाने तिला हुडहुडी भरली. आत न्यायला हवं होतं. धाकट्याने खुर्चीची एक बाजू धरली, पण उस्ताद कंबर धरून पायरीवर बसले होते.

थोरला त्यांच्याकडे बघत राहिला.

"माझ्याकडे काय बघतोस? खुर्ची उचल."

त्याने उचलली. दोन्ही पावलं माझ्यावर पडली, आईच्या वजनासकट.

गरिबांना कधी जेवू घालायचं ते त्याचं तो बघेल. तुम्हीही रागवायचं तर खुशाल रागवा, पण मला मध्ये घालू नका. मला आडवं बसवलंय खरं, पण कुणाला आडवा यायला नाही.